इनकॉग्निटो लावला, पण आधारची पीडीएफ दुकानातच राहिली

जूनमध्ये डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर या किंवा तलासरीत हायवेच्या कडेला उतरा, एक चित्र ठरलेलं असतं. ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी, आत एक-दोन कॉम्प्युटर आणि बाहेर प्लास्टिकची फाइल छातीशी धरून उभी असलेली पोरं. कुणाला जातीचा दाखला हवा असतो, कुणाला महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे गर्दीत दहावीची पोरंही आली.

आता तुम्ही म्हणाल, फोन तर सगळ्यांकडे आहे, मग दुकान कशाला? तर फोटोची साइज कमी करायची, पाच कागद जोडून एक पीडीएफ करायची, शेवटी प्रिंट काढायची, हे सगळं फोनवर करायला गेलात की डोकं फिरतं. म्हणून दुकान. आणि मग एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर एकामागून एक माणसं लॉगिन करत राहतात.

सोशल मीडियावर इनकॉग्निटोबद्दल दोन टोकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. एक म्हणजे, इनकॉग्निटो लावा, कुणाला काही कळत नाही. दुसरी म्हणजे, इनकॉग्निटो ही निव्वळ धूळफेक आहे. पण या दुकानातल्या खुर्चीवर बसून बघितलं तर दोन्ही चूक आहेत.

नेमकं होतं काय ते बघू. तुम्ही एखाद्या साइटवर लॉगिन करता तेव्हा ती साइट ब्राउझरकडे एक छोटी फाइल ठेवते. तिला कूकी म्हणतात. हे दवाखान्यातल्या टोकनसारखं आहे. टोकन खिशात आहे तोवर पुन्हा नाव विचारत नाहीत. साध्या विंडोत हे टोकन कॉम्प्युटरवर राहतं, सोबत हिस्ट्रीही राहते. तुम्ही लॉगआउट न करता उठलात आणि मागच्याने तीच साइट उघडली, तर त्याच्यासमोर थेट तुमचं अकाउंट. इनकॉग्निटोत ब्राउझर नवी कोरी पिशवी घेतो, सगळी टोकनं तिच्यात टाकतो आणि विंडो बंद केली की पिशवीच फेकून देतो.

इथे एक मेख आहे. पिशवी प्रत्येक विंडोला वेगळी नसते. क्रोममध्ये उघड्या असलेल्या सगळ्या इनकॉग्निटो विंडो एकच पिशवी वापरतात. आधीच्या गिऱ्हाइकाची इनकॉग्निटो विंडो खाली मिनिमाइझ होऊन पडली असेल, तर तुमची ‘नवी’ विंडो त्याच्याच पिशवीत उघडते. म्हणून आधी सगळ्या इनकॉग्निटो विंडो बंद करायला सांगा, मगच कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

पण खरा घोटाळा डाउनलोडमध्ये होतो. इनकॉग्निटोत डाउनलोड केलेली फाइल विंडो बंद केल्यावर जात नाही. ब्राउझरमधली डाउनलोडची यादी तेवढी पुसली जाते, फाइल फोल्डरमध्ये तशीच राहते. यादी रिकामी दिसली की आपण निश्चिंत होऊन बाहेर पडतो.

आता ती फाइल ई-आधार असेल तर? तिला पासवर्ड असतो, मान्य. पण तो असतो तुमच्या नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. ज्याने आत्ताच तुमचा फॉर्म भरला, त्याला यातलं काय माहीत नाही? यूआयडीएआयचा सल्लाही हाच आहे की सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर सगळ्या कॉप्या कायमच्या डिलीट करा. म्हणजे फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट, नाहीतर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. चालत असेल तिथे मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली असेल, तर इनकॉग्निटोचा विषयच संपला. ती आता त्याच्या फोनमध्ये आहे.

आता ‘कुणाला कळत नाही’वाल्यांकडे येऊ. तुम्ही इनकॉग्निटोत इन्स्टाग्रामला लॉगिन केलंत, तर इन्स्टाग्रामला तुम्ही कोण ते कळणारच, तुम्हीच सांगितलंत. मोबाइल कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे साधारणपणे दिसतं, आत काय वाचलंत ते सहसा दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लायसन्सच्या अटी बदलल्या, तेव्हापासून कंपन्यांना इंटरनेट वापराच्या नोंदी किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात. सायबर कॅफेंसाठी २०११ चे वेगळे नियम आहेत. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टर ठेवायचं आणि कोणत्या साइट उघडल्या त्याची नोंद किमान १ वर्ष जपायची. कागदावर तरी असं आहे.

गूगलवर तर यावरूनच अमेरिकेत खटला झाला. क्रोममध्ये इनकॉग्निटो २००८ मध्ये आला, खटला २०२० मध्ये दाखल झाला. आरोप असा की लोक इनकॉग्निटोत असतानाही गूगल माहिती गोळा करतं. एप्रिल २०२४ मध्ये समझोत्याच्या अटी समोर आल्या. गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं आणि इनकॉग्निटो उघडताना दिसणारी सूचना जास्त स्पष्ट करायचं कबूल केलं. नवी विंडो उघडली की जो मजकूर आपण न वाचता पुढे जातो, तोच हा.

मग डहाणू-तलासरीत याचा उपयोग काय? माझ्या मते भरपूर. इनकॉग्निटो गूगलपासून लपवत नाही, पण तोच फोन नंतर हातात घेणाऱ्यापासून लपवतो. ज्या घरात भाऊ, बहीण, आई सगळ्यांत मिळून एक फोन आहे, तिथे पाळीबद्दल किंवा घरातल्या मारहाणीबद्दल काही शोधणाऱ्या मुलीला गूगलची भीती नसते. फोन मागणाऱ्या भावाची असते. तिच्यासाठी हिस्ट्री न राहणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त हेल्पलाइनला, १८१ किंवा १०९८ ला, फोन लावला तर नंबर कॉल लॉगमध्ये राहतो. तो हाताने काढावा लागतो.

घरी पोचल्यावर आठवलं की दुकानात साध्या विंडोतच जीमेल उघडं राहिलंय, तर परत धावत जायची गरज नाही. फोनवर गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी उघडा, तुम्ही जिथे जिथे लॉगिन आहात त्या डिव्हाइसची यादी दिसते. त्यातून दुकानातला कॉम्प्युटर निवडा आणि साइन आउट करा. व्हॉट्सअॅप वेब उघडं राहिलं असेल तर फोनच्या व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जा, तिथूनही लॉगआउट करता येतं.