बर्फातली शिळी, उन्हातली ताजी

मासळी बाजारात एक वाक्य दिवसातून शंभर वेळा ऐकू येतं: ‘बर्फातला नको, ताजा दे.’ ते म्हणणाऱ्याच्या मनात मासळीच्या दोन जाती पक्क्या असतात. एक आज पहाटे किनाऱ्याला लागलेली, म्हणून ताजी. दुसरी ट्रॉलरच्या पोटात बर्फात आठवडा काढून आलेली, म्हणून शिळी. पहिलीला चार पैसे जास्त मोजायचे आणि दुसरीकडे नाक मुरडायचं, ही आपली पिढ्यांची रीत. या लेखाचं म्हणणं असं, की ही वाटणी मुळातच चुकीच्या घड्याळावर केलेली आहे. मासळीचं वय ती पाण्याबाहेर आल्यापासून किती तास झाले यावर मोजून भागत नाही. ते तास तिने किती उष्ण जागी काढले, हेही त्यात धरावं लागतं. तसं धरलं तर पहाटे पकडून दुपारपर्यंत फळीवर पडलेला बांगडा हा सहा दिवस बर्फात नीट ठेवलेल्या सुरमईपेक्षा म्हातारा निघू शकतो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, यामागे साधं गणित आहे. जिवंत माशाच्या स्नायूत जंतू नसतात. ते असतात त्वचेवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मासा मेला की प्रतिकार थांबतो आणि ते आत शिरू लागतात. त्याच वेळी माशाचीच पाचकद्रव्यं त्याचं मांस आतून सैल करतात. दोन्ही क्रिया तापमानाच्या तालावर चालतात. मत्स्यतंत्रज्ञानात एक ढोबळ सूत्र वापरतात: तापमानाचा दहावा भाग घ्या, त्यात एक मिळवा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, शून्य अंशाच्या तुलनेत मासळी तेवढ्या पट वेगाने बिघडते. म्हणजे १० अंशांना ४ पट आणि ३० अंशांना १६ पट. सूत्र मूळचं थंड हवामानातलं आहे आणि उष्ण प्रदेशातल्या निरीक्षणांत वेग याहूनही जास्त दिसतो. तरी तेच धरू. कोकणातल्या ऑक्टोबरच्या उन्हात फळीवर काढलेले ६ तास म्हणजे ९६ तास, अर्थात बर्फातले पुरे ४ दिवस. होडी सकाळी निघून दुपारी परत आली, तरी मासळीने तेवढ्यात अर्धा आठवडा खर्च केलेला असतो. गिऱ्हाइकाला मात्र ती ‘आजची’ म्हणून मिळते.

उलट बाजूही तितकीच लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या समुद्रातल्या माशांवरचे जंतू बहुतेक करून उबेला सरावलेले असतात, कारण पाणीच २८–३० अंशांचं. बर्फात ठेवल्यावर त्यांची वाढ जवळजवळ थांबते आणि थंडीत वाढणारे जंतू मुळात थोडेच असल्यामुळे त्यांना जम बसवायला वेळ लागतो. उत्तर अटलांटिकच्या गारठ्यातल्या माशांवर थंडीचे सोबती आधीपासून बसलेले असतात. त्यामुळे उष्ण कटिबंधातली बरीच मासळी बर्फात युरोपातल्या मासळीपेक्षा जास्त दिवस टिकते. बर्फाचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांना होऊ शकतो, ते आपणच. आणि त्याला सगळ्यात जास्त नावं ठेवतो, तेही आपणच.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा या घराण्याच्या बाबतीत प्रश्न चवीपुरता राहत नाही. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ऊब मिळाली की काही जंतू त्याचं हिस्टामीन करतात. अंगावर पित्त उठावं तसे लाल चट्टे, चेहरा तापणं, डोकेदुखी, जुलाब ही त्याची लक्षणं, आणि पुष्कळदा ‘मला बांगडा सोसत नाही’ असं म्हणून ती सोडून दिली जातात. खरी गोम पुढे आहे. हिस्टामीन एकदा तयार झालं की उष्णतेने जात नाही. कालवण कितीही उकळा, तळा, आमसुलं घाला, ते तिथेच राहतं. नंतर बर्फ घातल्यानेही मागे फिरत नाही. बर्फ फक्त पुढचं थांबवतो. शिवाय माशाला वास येण्याआधीच ते वाढलेलं असू शकतं. म्हणजे कल्ला उचलून लाली पाहणं, डोळा फुगीर आहे का बघणं, बोटाने दाबून खळगा भरून येतो का तपासणं या आपल्या सगळ्या कसोट्या पार करूनही मासा बाधू शकतो. म्हणून हे सगळं होडीवर, पहिल्या तास-दोन तासांत अडवावं लागतं. बाजारात ते अडवायला कोणाच्याच हातात काही नसतं.

आता पहिला आक्षेप, आणि तो फालतू नाही. ‘बर्फातली मासळी बेचव लागते, मऊ पडते, हे आमच्या जिभेला कळतं, सूत्र काय सांगता?’ जीभ खोटं बोलत नाही. पण ती ज्याला बर्फाचा दोष म्हणते, तो बहुतेक वेळा बर्फ उशिरा, कमी किंवा वाईट घातल्याचा दोष असतो. ट्रॉलरचं जाळं दोन-तीन तास ओढलं जातं. त्यात मासे झगडून थकतात, एकमेकांखाली दबतात. जाळं वर आलं की फळीवर ढीग पडतो, मग खलाशी निवड करायला बसतात. कोळंबी आधी, कारण तिला निर्यातीचा भाव. मग पापलेट, सुरमई. किरकोळ मासळी शेवटी. निवड होईस्तोवर ढिगाच्या मध्यावरची मासळी तापत राहते. नंतर ती खणात जाते तेव्हा पुष्कळदा फावड्याने ढकलून, वर-खाली बर्फाचा एकेक थर देऊन. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. थराची जाडी दुप्पट झाली की त्याच्या गाभ्यापर्यंत गारवा पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. १० सेंटिमीटरच्या थराला ४ तास लागत असतील, तर ६० सेंटिमीटरच्या ढिगाला ३६ पट, म्हणजे ६ दिवस. वरची सुरमई बर्फासारखी गार आणि तिच्या हातभर खालची कोमट, असा तो खण असतो. वरून वितळणारं पाणी रक्त, चिकटा आणि जंतू धुऊन खालच्या मासळीवर नेतं. पाणी बाहेर जायला वाट नसेल तर तळाची मासळी त्याच घाणीत भिजते. अशी मासळी खाऊन जीभ जे म्हणते ते बरोबर आहे. फक्त तिने नाव चुकीच्या गुन्हेगाराचं घेतलं.

दुसरा आक्षेप नाखव्याचा: बर्फ परवडत नाही. बर्फाला पैसे पडतात, खणात जागा लागते, वजनाने डिझेल जास्त जळतं. यातला पैशाचा भाग पुढे येईलच. आधी बर्फ लागतो किती ते पाहू. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. १ किलो मासळी ३० अंशांवरून शून्याला आणायला साधारण २५ किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे नुसती गार करायला तिसरा हिस्सा बर्फ पुरे. मग उष्ण प्रदेशात किलोला किलो बर्फ घ्या असं का सांगतात? कारण उरलेला बर्फ मासळीसाठी वितळत नाही, होडीसाठी वितळतो: लाकडी भिंतीतून झिरपणारी उष्णता, शेजारचं इंजिन, दर तासाला उघडणारं झाकण. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून गोठलेल्या तळ्यांचा १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, यंत्र कसलंच नाही. तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला. त्यामागे होते उष्णता अडवणारे जाड थर आणि एकमेकांना चिकटून घट्ट रचलेल्या लाद्या. त्या थरांनी चार महिने जे केलं, ते आजच्या फोमच्या अस्तराने आठ-दहा दिवसांच्या फेरीत करणं अवघड नसावं. अस्तराचा खर्च एकदा होतो. वितळून वाहून जाणाऱ्या बर्फाचा दर फेरीला होतो.

लहान होड्यांचा आक्षेप वेगळा आहे. सकाळी जाऊन दुपारी येणाऱ्याला बर्फ कशाला? ओलं गोणपाट टाकलं की भागतं, असं पुष्कळांचं मत. गोणपाटाची युक्ती मुळात चांगली आहे, पाणी वाळताना गारवा देतं. पण पाणी वाळायला हवा कोरडी लागते. एप्रिलमध्ये नागपुरात ती असते, मालवणात नसते. दमट किनाऱ्यावर ओलं गोणपाट ऊन अडवतं, वारा लागला तर तीन-चार अंश उतरवतं, आणि तेवढ्यावरच थांबतं. मासळी पंचविशीच्या खाली येत नाही. अशा होडीला बर्फाची लादीही नको. झाकणाचा, अस्तराचा एक खोका आणि त्यात बर्फ टाकलेलं समुद्राचं पाणी एवढं पुरतं. खडे माशाला चार ठिकाणी टेकतात, पाणी सगळीकडून लपेटतं, म्हणून त्यात मासा नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होतो. खारं पाणी शून्याच्या थोडं खालीही उतरू शकतं. धारदार खड्यांनी कातडी फाटत नाही, हा वरचा लाभ. तारलीसारखी नाजूक मासळी तर यातच ठेवावी. भरल्या पोटी पकडली गेली की तिची पाचकद्रव्यं पोट फोडूनच बाहेर येतात.

गळाने एकेक मासा धरणाऱ्याला आणखी पुढे जाता येतं. जपानात ‘इकेजिमे’ म्हणून पद्धत आहे. मासा धडपडून मरू द्यायचा नाही. मेंदूत टोचून तो तात्काळ मारायचा, कल्ल्यांजवळ आणि शेपटीजवळ चीर देऊन रक्त जाऊ द्यायचं, काही जण कण्यातून तारही घालतात, म्हणजे मज्जारज्जूतून उठणारे झटके थांबतात. क्रूर वाटेल, पण फळीवर पंधरा मिनिटं तडफडण्यापेक्षा सौम्यच. धडपडीत स्नायूंतली ऊर्जा संपते, मासा लवकर ताठतो आणि ताठलेला मासा वाकवून खोक्यात कोंबला की मांसाला चिरा पडतात. ती ऊर्जा शिल्लक राहिली तर तिचं सावकाश विघटन होऊन इनोसिनेट तयार होतं. १९१३ साली शिन्तारो कोदामा यांनी वाळवलेल्या कुप्यातून चवीचं जे द्रव्य वेगळं काढलं, ते हेच. ते मासा मरता क्षणी नसतं, नंतर काही तासांत वाढतं, आणि मग उतरून कडवटपणाकडे जातं. तेव्हा ‘पाण्यातून काढला की तव्यावर’ ही रसिकतेची परिसीमाही शास्त्राच्या कसोटीला पुरती उतरत नाही. पर्ससीन जाळ्याच्या एका फेऱ्यात टनावारी बांगडा येतो, तिथे हे करा असं कोणी शहाणा सांगणार नाही. सुरमईच्या गळाला मात्र ते शक्य आहे.

आणि आपल्याकडे काळजी घेता येत नाही असंही नाही. घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी परदेशी बाजारात सोन्याच्या भावाने जाते, तेव्हा तो मासा ओळखीच्या मित्रासारखा सांभाळला जातो. कोळंबीला पहिला बर्फ मिळतो. १९९७ साली युरोपीय संघाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय सागरी मालावर बंदी घातली, तेव्हा प्रक्रिया कारखान्यांनी झपाट्याने स्वतःला सुधारलं, कारण भाव आणि दार दोन्ही समोर होते. म्हणजे अज्ञान हे खरं कारण नव्हे. खरा अडसर दराचा आहे. हर्णैच्या वाळूवर किंवा ससून डॉकच्या फरशीवर लिलाव होतो तो जातीवर आणि आकारावर. पहिल्या तासात बर्फात गेलेली सुरमई आणि चार तास तापून मग गेलेली सुरमई शेजारी शेजारी पडतात आणि एकाच बोलीत सुटतात. ज्याने बर्फ जास्त घातला त्याचा खर्च वाढला, मिळकत तेवढीच. मग नाखवा काटकसर करतो यात त्याला दोष कसा द्यायचा?

यावर उत्तर म्हणून ‘तपासणी कडक करा’ असं म्हटलं जातं. २०१८च्या जुलैत, मासळी टिकवायला चोरून फॉर्मलिन घालतात या भीतीने, गोव्याने बाहेरच्या मासळीवर १५ दिवसांची बंदी घातली, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या चाचणीपट्ट्याही त्याच वर्षी गाजल्या. विषारी रसायन शोधलंच पाहिजे. (बोंबिलात मात्र फॉर्मलिनमधलं फॉर्मल्डिहाइड मेल्यावर आपोआप तयार होतं, त्यामुळे पट्टीचा नुसता रंग पाहून कोळिणीला चोर ठरवायची घाई नको.) पण फॉर्मलिन घालायचा मोह कुठे होतो? बर्फाचा हिशेब जिथे चुकला, तिथे. पट्टी ते चुकणं पकडत नाही, फक्त त्यावर केलेली लपवाछपवी पकडते. ज्या मासळीत फॉर्मलिन नाही आणि चार तासांचं ऊन आहे, ती पट्टीवर स्वच्छ उतरते.

चुकणं पकडायला याहून साधं साधन आहे: टोकदार सुईचा तापमापक. सुरमईच्या पाठीच्या कण्यालगत, मांस सगळ्यात जाड असतं तिथे, तो खुपसायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. खणाच्या वरच्या थरातला एक मासा, मधला एक, तळाचा एक. ०–२ अंश असतील तर नाखव्याने काम चोख केलं. १२ असतील तर मासा डोळ्यांना कितीही टवटवीत दिसो, खणात काहीतरी बिनसलं आहे. सहकारी सोसायट्यांनी लिलावाच्या पाटीला खडूने हा एक आकडा लिहायला सुरुवात केली, तर व्यापारी पहिल्या आठवड्यात हसतील. मग त्यातला एखादा, ज्याचा माल पुण्याला किंवा कोल्हापूरला जायचा आहे आणि वाटेत नासला तर तोटा त्याच्याच अंगावर पडायचा आहे, तो दोन पाट्यांवरचे आकडे पाहील आणि १ लिहिलेल्या पाटीवर दहा रुपये चढवून बोली लावील.