ट्रॅक्टर आला, पण मागे काय जोडायचं?

मिनी ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून तुम्ही मॉडेलची सगळी माहिती पाठ केलीत. पण त्याच्यामागे जोडायच्या अवजारांचं काय? शोरूमला जाण्याआधी खिशात मोजमापाचा टेप टाका आणि हे वाचा.

मिनी ट्रॅक्टर घ्यायचं घरात ठरलं की चर्चा एकाच गोष्टीची. कंपनी कोणती, किती एचपीचा, हप्ता किती बसणार? चार रात्री जागून तुम्ही युट्यूबवरचे सगळे व्हिडिओ बघून टाकलेले असतात. शोरूममध्ये वडीलही तुमच्याच तोंडाकडे बघतात, कारण पोरांना त्यातलं कळतं असं घरात ठरलेलं असतं. आणि सही करता करता विक्रेता म्हणतो, ‘सोबत रोटाव्हेटर घेऊन टाका, पॅकेजमध्ये बसवून देतो.’ ट्रॅक्टरवर तीन महिने विचार केलेला असतो. अवजारावर तीन मिनिटंही नाही.

आमच्याकडे हेच झालं. निफाड तालुक्यात चार एकर शेती. दोन एकर द्राक्षबाग, दोन एकरात खरिपाला सोयाबीन आणि नंतर कांदा. ट्रॅक्टर घेतला २४ एचपीचा आणि ‘मोठा घ्या, काम लवकर उरकेल’ या एका वाक्यावर मागे पाच फुटी रोटाव्हेटर. काळ्या रानात पहिल्याच तासाला इंजिनाचा आवाज बसायला लागला. बागेत तर त्याहून गंमत. दोन ओळींत अंतर नऊ फूट, पण दोन्ही बाजूंचे बोद वजा केले तर मोकळा पट्टा उरतो जेमतेम पाच फुटांचा. रोटाव्हेटरने बोदाची कड कापली, मुळ्या तोडल्या आणि ठिबकच्या नळ्याही. पुढच्या दोन संध्याकाळी मी आणि आप्पा नळ्या जोडत बसलो होतो.

खरा फटका ऑक्टोबर छाटणीनंतर बसला. बाग फुलोऱ्यात, तीन दिवस ढग आणि पाऊस. फवारणीसाठी आम्ही भाड्याच्या ब्लोअरवर अवलंबून. ब्लोअरवाल्याचा तरी काय दोष? त्या दिवशी आख्ख्या पंचक्रोशीला तो हवा होता. आमच्याकडे आला तिसऱ्या दिवशी. तोवर डाऊनी पानांवरून घडांवर उतरली होती. अर्धा एकर हातचा गेला. ट्रॅक्टर दारात उभा, हप्ता चालू, आणि मागे त्या वेळी काडीच्याही कामाचा नसलेला रोटाव्हेटर!

तेव्हापासून मी अवजाराला पहिला प्रश्न एकच विचारतो. या कामाला दोन दिवस उशीर झाला तर काय होईल? काहीच बिघडत नसेल तर ते अवजार भाड्याने आणा. पीक जाणार असेल तर ते स्वतःचं हवं. नांगरट उन्हाळ्यात करायची असते; आज नाही तर पुढच्या आठवड्यात. एका दिवसाच्या नांगरटीसाठी मोठा ट्रॅक्टर आणि पलटी नांगर भाड्याने बोलवावा. खोल नांगरट तशीही मिनी ट्रॅक्टरच्या आवाक्यातली नाही. फवारणी मात्र थांबत नाही. पेरणीही थांबत नाही.

रोटाव्हेटरचं गणित कागदावर मांडून बघा. समजा तो ९० हजारांचा आहे. तुमचं रान चार एकर, वर्षाला तीन पाळ्या, म्हणजे १२ एकरांचं काम. गावात भाडं एकरी दीड हजार धरलं तर वर्षाला १८ हजार वाचले. पैसे फिटायला पाच वर्षं, तीही डिझेल आणि पात्यांचा खर्च न धरता. (आकडे तुमच्या गावचे घाला, माझे नको.) शेजाऱ्यांची दहा-बारा एकर कामं खात्रीने मिळणार असतील तर गणित बदलतं. पण ‘मिळतील की’ म्हणणं वेगळं आणि चार जणांनी आधी शब्द देणं वेगळं. शिवाय रोटाव्हेटर चार-सहा इंचच माती भुसभुशीत करतो. वाफसा नसताना, वर्षानुवर्षं तोच फिरवला तर खाली घट्ट थर तयार होतो आणि पाणी मुरत नाही. वरून रान मऊ दिसतं, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही.

आता मापांचं बोलू. बोनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. रोटाव्हेटर, ब्लोअर फिरवणाऱ्या पीटीओला मिळणारी ताकद त्याहून कमी असते. हा आकडा विक्रेत्याच्या तोंडून नको, चाचणी अहवालातून घ्या. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे ट्रॅक्टरच्या चाचण्या घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद आणि मागची उचल क्षमता दोन्ही असतात. २४ एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला साडेतीन-चार फुटी रोटाव्हेटर पुरे. फक्त तो मागच्या दोन्ही टायरांची बाहेरची रुंदी झाकतो ना, ते बघा. नाहीतर टायरने दाबलेला पट्टा तसाच राहतो. बाग असेल तर ओळींतलं नाही, दोन बोदांच्या मधलं अंतर मोजा. तेही एका जागी नको, पाच-सहा ठिकाणी. आमच्या बागेत एकाच ओळीत सहा इंचांचा फरक निघाला.

ब्लोअर घेताना सगळे पंखा आणि नोझल बघतात, वजन कुणी बघत नाही. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो. त्यावर टाकी, पंप, पंखा, लोखंडी सांगाडा धरला की आकडा ६०० च्या पुढे सहज जातो. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरची उचल क्षमता ७५० किलोच्या आसपास असते. वाटतं, बसतंय की! पण ती क्षमता मागच्या हातांच्या टोकाशी मोजलेली असते. टाकीचं वजन त्याच्याही मागे लोंबतं, म्हणून प्रत्यक्षात उचल कमी भरते. पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखं होतं. उपाय तीन. टाकी लहान घ्या, पुढे वजनं लावा किंवा चाकांवरचा, ओढायचा ब्लोअर घ्या. ओढायच्या ब्लोअरला मात्र ओळीच्या टोकाला वळायला जास्त जागा लागते. बागेच्या कडेला तेवढी जागा नसेल तर तो विषय सोडा. आम्ही पाच फुटी रोटाव्हेटर तोट्यात विकला आणि त्या पैशांत भर घालून २०० लिटरचा ब्लोअर आणला. टाकी भरायला फेऱ्या जास्त होतात, आप्पा अजून कुरकुरतात. पण पाऊस उघडला की तासाभरात आम्ही बागेत असतो.

पेरणी यंत्राची मजा वेगळीच आहे. ते भागीदारीत घ्यावं असं सगळे सांगतात, पण तुमच्या आणि शेजाऱ्याच्या रानात पाऊस एकाच दिवशी पडतो आणि वाफसाही एकाच दिवशी येतो. मग आधी कोण? आमचं जमलं, कारण दोघांचं मिळून सोयाबीन पाच एकर. तासाला साधारण एक एकर होतं, म्हणजे एका दिवसात दोघांचंही उरकतं. पंधरा एकर असतं तर भांडण ठरलेलं होतं.

यंत्र घेतलंत तर पेरणीच्या आधी अंगणात त्याची परीक्षा घ्या. सोयाबीनचं साल नाजूक असतं, बियाणं फुटलं तर उगवण गेली. यंत्र विटांवर टेकवून त्याचं चाक उचला, पेटीत बी भरा, नळ्यांखाली पिशव्या बांधा आणि चाक हाताने २० वेळा फिरवा. चाकाचा घेर दीड मीटर असेल तर २० फेऱ्या म्हणजे ३० मीटर. पाच फण, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी सव्वादोन मीटर. साडेसदुसष्ट चौरस मीटर रान पेरलं गेलं. हेक्टरी ७५ किलो बियाण्याच्या हिशेबाने सगळ्या पिशव्यांत मिळून अर्ध्या किलोच्या आसपास बी पडायला हवं. पाऊण किलो पडलं तर तुम्ही पैसे मातीत टाकताय. प्रत्येक पिशवी वेगळी तोला आणि फुटलेले दाणे वेगळे काढा. बारावीचं गणित शेवटी कुठेतरी कामाला येतं ते असं.

ट्रॉलीचं थोडक्यात. शेणखत, कांदा, बागेच्या काड्या शेतातल्या शेतात वाहायला छोटी ट्रॉली छान. पण भरलेली ट्रॉली घेऊन लासलगावच्या बाजारापर्यंत रस्त्याने जायचं स्वप्न असेल तर जरा थांबा. हलका ट्रॅक्टर उतारावर तिला ओढत नाही, ती त्याला ढकलते. त्यासाठी पिकअप भाड्याने परवडते.

अनुदानाच्या बाबतीत एक चूक फार जण करतात. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना अवजारावर ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान असतं, ठरलेल्या कमाल मर्यादेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पण पूर्वसंमती हातात पडण्याआधी बिल फाडलंत तर अनुदान विसरा. विक्रेता म्हणेल, ‘आत्ता घ्या, कागदपत्रं नंतर करू.’ ऐकू नका. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय; कोटेशनमध्ये तोच लावलाय का, बघून घ्या.

आणि अवजार घरी आलं की पीटीओच्या फिरत्या दांड्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आहे ना, ते सगळ्यात आधी तपासा. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, उपरणं, शर्टाची सुटलेली बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ‘ग्रीस लावायला अडचण होते’ म्हणून हे कव्हर काढून गोठ्यात टांगणारी कितीतरी घरं आमच्याच गावात आहेत. आमचंही होतं. आता ते जागेवर आहे आणि ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय मागे जायचं नाही, हा नियम आईने घातलाय. तो आप्पांनाही लागू आहे.

सध्या आप्पांच्या डोक्यात मल्चर आहे. छाटणीच्या काड्या बागेतच बारीक करून टाकायच्या म्हणतात. कल्पना चांगली आहे, पण काड्यांना दोन दिवस उशीर चालतो, असं माझं म्हणणं. रविवारी ते शोरूमला निघालेत. मी टेप त्यांच्या पिशवीत टाकून ठेवलाय.