चिनी पदार्थ आणि आपली पंगत

सायंकाळीं सावेडीच्या रस्त्यानें पायीं जाऊं लागलें म्हणजे थोड्याथोड्या अंतरावर एखादी तांबड्या अक्षरांची पाटी दिसते व तिच्या खालीं मोठ्या ज्वाळेवर लोखंडी कढई खडखडत असते. 'चायनीज' हा शब्द आतां नगर शहरांतच काय, पण संगमनेर, श्रीरामपूर, शेवगांव अशा तालुक्यांच्या गांवींही कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. लग्नमुंजीच्या जेवणांत सुद्धां त्याचा एक कोपरा राखलेला असतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मात्र या खाण्यावरून दोन पक्ष पडलेले आहेत. तरुण मंडळी तें आवडीनें बाहेर खातात. वडील मंडळी त्यास परकें, अशुद्ध व प्रकृतीस अपायकारक मानून नांवें ठेवतात. परिणाम असा होतो कीं, मुलें बाहेरूनच पोट भरून येतात, रात्रीं 'भूक नाहीं' म्हणून पानावर बसत नाहींत, आणि ज्या एका वेळीं सारें कुटुंब एकत्र जमावयाचें ती वेळच मोडते. पदार्थापेक्षां ही गोष्ट आम्हांस अधिक काळजीची वाटते, म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

एखाद्या पदार्थास नांवें ठेवावयाचीं तर तो आधीं चाखून पाहावा, या विचारानें गेल्या महिन्यांत आम्ही सहकुटुंब सावेडी भागांतील एका शाकाहारी चिनी उपाहारगृहांत गेलों. मंडळी नऊ, त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मातुःश्री आणि सहा वर्षांचा नातू हीं दोन टोकें. "मी नुसती बसेन," अशी मातुःश्रींची अट होती, व पाण्याचा तांब्याही त्यांनीं घरूनच बरोबर घेतला होता. स्वयंपाकघर कांचेआड उघडें होतें. आचारी नेपाळकडचा एक तरुण. चीन देश त्यानें पाहिलेला नव्हता, आणि हें काम आपण पुण्यास शिकलों असें त्यानें सांगितलें.

आधीं 'मंचाव' नांवाचें सूप आलें. आलें, लसूण, बारीक चिरलेल्या भाज्या, सोयाबीनपासून काढलेला काळसर खारट रस आणि दाटपणासाठीं मक्याचें सत्त्व. वर तळलेल्या शेवया भुरभुरलेल्या. मातुःश्री वाकून पाहून म्हणाल्या, "हें तर सार! वर कुरडयांचा चुरा घातलाय." हा अभिप्राय आम्हांस यथार्थ वाटला. सूप उत्तम होतें. नंतर मांचुरियन. कोबी व गाजर किसून, मैदा व मक्याचें सत्त्व घालून त्याचे गोळे वळतात, तळतात, आणि आलें-लसूण-मिरचीच्या फोडणींत सोयाचा रस ओतून त्यांत ते सोडतात. ज्यांच्या घरीं कढीगोळे होतात त्यांना यांत नवें वाटण्यासारखें फार थोडें आहे. पहिले दोन-चार गोळे बाहेरून खुसखुशीत व आंतून मऊ होते. पण गप्पांत दहा मिनिटें गेलीं तों ते रसांत फुगून लिबलिबीत झाले. हा पदार्थ बोलत बसणाऱ्यांचा नव्हे.

सर्वांत आवडले ते हक्का नूडल्स. एकेक तार सुटी, तेल बेताचें, आणि कोबी अर्धाकच्चा, दांतांखालीं करकरणारा. कोबीची भाजी शिजवून शिजवून तिचा वास माजघरापर्यंत पोंचविण्याची जी आपल्याकडे रीति आहे, तिच्याविषयीं आमच्या सूनबाई त्या रात्रीं जें बोलल्या तें येथें छापणें इष्ट नाहीं. पण तें खोटेंही नव्हतें. प्रखर आंचेवर दोन-तीन मिनिटांत भाजी परतून काढण्याची ही युक्ति मात्र खरोखरीच चीनची आहे, व ती घेण्यासारखी आहे. फ्राइड राइस आला तेव्हां मातुःश्रींनीं, "पाहूं एक घांस," म्हणून हात पुढें केला, व तीन-चार घांस खाऊन निर्णय दिला, "फोडणीचा भात, हळद विसरलेत."

शेवटीं 'शेजवान राइस' आला. त्याचा रंग इतका भडक तांबडा होता कीं, नातवाची बोटें साबणानें धुतल्यावरही दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत लाल होतीं. चव म्हणाल तर मीठ व तिखट यांपलीकडे कांहीं नाहीं. आम्हीं तो तसाच ठेवला आणि मालकांस रंगाविषयीं विचारलें. ते सरळपणानें म्हणाले, "काय करणार साहेब, लाल नसला तर गिऱ्हाईक परत पाठवतं." या उत्तराकडे पुढें वळूं.

आधीं परकेपणाच्या आक्षेपाचा विचार करूं. इ. स. १७७८ च्या सुमारास तोंग आच्यू नांवाचा एक चिनी व्यापारी कलकत्त्याजवळ बजबज येथें येऊन राहिला. वॉरन हेस्टिंग्जनें त्यास जमीन दिली व त्यानें तेथें ऊंस लावून साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नांवावरून पडलेलें अचिपूर हें गांव आजही आहे. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यांतील वाचकांस हें वाचून मौज वाटेल. त्याच्या मागून सुतार आले, जोडे करणारे आले, आणि कातडीं कमावणारे हक्का लोक टांगरा भागांत वसले. नूडल्सना जें नांव मिळालें तें यांचेंच. त्यांच्या स्वयंपाकांत हळूहळू आपली हिरवी मिरची, कांदा व जास्तीचा लसूण शिरला. आपल्या नगरच्या किल्ल्यांत १९४४ सालीं बंदिवासांत असतां पंडित नेहरूंनीं भारत व चीन यांच्या प्राचीन स्नेहाविषयीं आदरानें लिहिलें. पुढें अठराच वर्षांनीं, १९६२ सालीं युद्ध झालें, आणि आसाम-बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारें तीन हजार लोकांस राजस्थानांतील देवळीच्या छावणींत डांबण्यांत आलें. सुटल्यावर कित्येकांनीं देश सोडला. जे राहिले त्यांपैकीं पुष्कळांनीं खानावळींवर पोट भरलें.

मांचुरियन हा पदार्थ तर चीनमधील मांचुरियांत कोणी ओळखणार नाहीं. कलकत्त्यांत जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईस आले, व १९७५ सालीं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या भोजनगृहांत एका गिऱ्हाइकानें कांहींतरी नवें मागितलें, तेव्हां त्यांनीं लसूण, आलें व हिरवी मिरची यांच्या फोडणींत गरम मसाल्याऐवजीं सोयाचा रस घातला, असें ते स्वतः सांगत. तो मूळचा कोंबडीचा पदार्थ. पुढें शाकाहारी लोकांनीं कोंबडी काढून कोबी-फ्लॉवर घातला. म्हणजे ज्यास आपण चिनी म्हणतों तो पदार्थ मुंबईस जन्मला. 'चायनीज भेळ' हा तर नांवावरूनच आपल्या चौपाटीचा दत्तक मुलगा आहे.

आणि परकें म्हणून टाकावयाचें तर आपल्या घरांत काय उरेल? एकादशीच्या दिवशीं जें सर्वांत शुद्ध म्हणून आपण खातों, तें ताट पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेंतला, बटाटा तेथलाच, शेंगदाणा तेथलाच, आणि मिरचीही अमेरिका खंडांतूनच पोर्तुगीजांच्या काळांत आलेली. चहा तर शब्दासह चीनचा. ज्या बरणींत मातुःश्रींचें लोणचें मुरतें तीही चिनी मातीची. तेव्हां परकेपणाची तक्रार आम्हांस टिकण्यासारखी वाटत नाहीं.

दुसरी तक्रार अजिनोमोटोची. १९०८ सालीं किकुने इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञानें समुद्रांतील एका शेवाळापासून हें चवीचें द्रव्य वेगळें केलें. तेंच द्रव्य टोमॅटोंतही निसर्गतः असतें. १९६८ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या एका पत्रावरून त्याविषयीं भीति पसरली. पुढें झालेल्या कसून परीक्षांत नेहमींच्या खाण्यांतील प्रमाणानें ती खरी ठरली नाहीं. त्यापेक्षां सोयाच्या रसांतील मीठ पाहावें. त्याच्या एका मोठ्या चमच्यांत सुमारें ९०० मिलिग्रॅम सोडियम असतें, व जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सांगितली आहे. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनीं अजिनोमोटोची चौकशी करण्याऐवजीं हा काळा रस कमी घालावयास सांगावें.

खरा अपाय आहे तो रंगांत व तेलांत. मार्च २०२४ मध्यें कर्नाटक सरकारनें गोबी मांचुरियनमध्यें कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत अपायकारक रंग आढळले होते. त्याच वर्षीं जानेवारींत गोव्यांतील म्हापशाच्या नगरपालिकेनें बोडगेश्वराच्या जत्रेंत या पदार्थाचीं दुकानेंच लावूं दिलीं नाहींत, व त्याचें कारण हेंच रंगाचें व अस्वच्छतेचें सांगण्यांत आलें. कापड रंगविण्याचा रंग ताटांत यावा ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या हट्टामुळें घडते, हें त्या मालकांच्या उत्तरावरून दिसतेंच. उकळत्या पाण्यांत भिजवून वाटलेल्या ब्याडगी मिरचीचा रंग पुरेसा सुंदर असतो. पण तो लाल असतो, भडक नसतो, आणि आपल्या मुलांचे डोळे भडक रंगास चटावलेले आहेत. तेलाचेंही तसेंच. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षेच्या नियमानें तळून तळून बिघडलेल्या तेलास मर्यादा घातलेली आहे, परंतु गाडीवरच्या कढईंतलें तेल मोजावयास रोज कोण जाणार? तेल काळें, दाट व फेंसाळ दिसलें, कीं तेथून पुढें निघावें. सातव्या शतकांत ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रांत पुलकेशीच्या राज्यांत येऊन गेला. जेवण्यापूर्वीं हातपाय धुणें, उरलेलें अन्न पुन्हां न वाढणें, मातीचीं व लांकडाचीं भांडीं वापरून टाकून देणें, या भारतीय लोकांच्या संवयींचें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत कौतुक केलें आहे. त्याच्या देशाच्या नांवानें आपण जें विकतों त्याची कढई त्यानें पाहिली असती तर काय लिहिलें असतें, हा विचार मनांत येतो.

सोंवळेंओंवळें मानणाऱ्या घरांनीं एक गोष्ट मात्र अवश्य विचारावी. जेथें सामिष व निरामिष दोन्हीं होतें, तेथें कढई व झारा निराळा आहे काय? पुष्कळ ठिकाणीं नसतो. नूडल्सच्या कांहीं जातींत अंडें असतें, आणि 'ऑयस्टर सॉस' हा शिंपल्यांपासून होतो. विचारण्यांत संकोच कसला? आपले पैसे आहेत व आपला नेम आहे.

घरीं करणें सर्वांत बरें, व तें अवघडही नाहीं. भात सकाळचा, गार व मोकळा असावा. गरम भाताचा गोळा होतो. कढई लोखंडी, आंच मोठी, व एका वेळीं दोघांपुरतेंच घालावें. नऊ माणसांचें एकदम घातलें कीं भाजीस पाणी सुटून सारेंच उकडतें. त्यामुळें करणारीस तासभर चुलीपाशीं उभें राहावें लागतें, याचा विचार खाणाऱ्या पुरुषमंडळींनीं करावा व कोबी तरी चिरून द्यावा. आमच्या घरीं आतां शनिवारीं रात्रीं हा बेत होतो. मुलें त्या दिवशीं बाहेर खाऊन येत नाहींत. कांदेनवमीस भज्यांबरोबर मांचुरियनही व्हावें असा ठराव धाकट्यांनीं मांडला आहे, आणि चातुर्मासांत कांदा-लसणाविना फ्राइड राइस कसा जमवावा याची खटपट मातुःश्री व सूनबाई दोघी मिळून करीत आहेत. आल्याचें प्रमाण दुप्पट करून थोडी मिरपूड घातली तर बरा होतो, इतपत मजल गेली आहे.