न खेळलेला खेळ

मागच्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळून झाले, फराळाची ताटे पुढे आली, आणि माझ्या धाकट्या भावाने दरवर्षीप्रमाणे जुन्या दिवसांचे गाठोडे सोडले. वय पुढे गेले की माणसाच्या नाकावर एक चाळिशी येते आणि मनावर दुसरी. पहिलीतून जवळचे स्पष्ट दिसते. दुसरीतून फक्त दूरचे. भाऊ नोकरीसाठी पुण्याला असतो. पण दिवाळीला चंद्रपूरच्या घरी पाऊल टाकले, की त्याची ती दुसरी चाळिशी आपोआप डोळ्यांवर चढते.

"ताई, काय दिवस होते ग आपले! शाळा सुटली की तो व्हिडिओ गेमचा अड्डा, रुपयाचं टोकन, आणि तो मुस्तफा! आजकालच्या पोरांना काय कळणार त्यातलं?"

करंजी मोडता मोडता मी म्हटले, "आपले नाही, तुझे. मी त्या दुकानाची पायरीसुद्धा कधी चढले नाही."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. "असं कसं? तुला तर सगळं ठाऊक होतं!"

सगळे ठाऊक होते, हे खरे. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

साल 1994. मी नववीत होते आणि भाऊ सातवीत. जटपुरा दरवाजाच्या आतल्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून, ते पार्लर निघाले होते. पत्र्याचे छप्पर, आत तीनचार यंत्रे आणि दाराला एक हिरवा मळकट पडदा. शिकवणीला जाताना मी त्याच्यासमोरून जात असे. आत काय चालले आहे ते दिसत नसे. पण पडदा जमिनीपासून हातभर वर होता, त्यामुळे पाय दिसत. चपलांचे, बुटांचे, अनवाणी, मळलेले पाय. कुणी टाचा उंचावलेल्या, कुणी एका पायावर उभा. त्या पायांवरून आत कोण जिंकतो आहे आणि कोण हरतो आहे, हे मला पुढेपुढे ओळखता येऊ लागले.

मला तिथे जायला कोणी मनाई केली होती, असे नाही. मनाई करावी लागते ती जे घडण्यासारखे असते त्याला. एकदाच मी घरात विषय काढला, तेव्हा आजी सुपातले तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "पोट्टे जातात तिथं. तुले काहून जा लागते?" तिच्या स्वरात राग नव्हता. नदी उताराकडेच का वाहते, असे कुणी विचारले असते तरी ती त्याच स्वरात बोलली असती.

तर तो 'मुस्तफा'. त्या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो 1993 साली काढला. मूळ कथा मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रमालिकेतली. पण एवढे लांबलचक नाव आपल्याकडच्या मुलांच्या जिभेवर कुठले बसायला! खेळातल्या चार वीरांपैकी एकाचे नाव मुस्तफा. पिवळ्या टोपीचा, धावत येऊन उडती लाथ मारणारा. साऱ्या देशातल्या गल्ल्यांनी त्या खेळाचे बारसे त्याच्याच नावाने करून टाकले. कथा सव्विसाव्या शतकातली. पृथ्वीवर डायनोसॉर पुन्हा अवतरले आहेत, चोरटे शिकारी त्यांना मारत आहेत, आणि हे चौघे त्या शिकाऱ्यांना अडवत आहेत. म्हणजे एका अर्थी हे चौघे वनरक्षकच म्हणायचे! ताडोबाच्या दारात राहणाऱ्या आम्हांला ही गोष्ट परकी वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

संध्याकाळी भाऊ घरी आला, की मी त्याला गाठून सगळे विचारून घ्यायची. आज कुठपर्यंत गेलास? तिथे कोण आले? ते डावीकडून आले की उजवीकडून? माझ्या इतिहासाच्या वहीची पुढची पाने पेशवाईने भरलेली होती. मागच्या पानांवर त्या खेळाचा नकाशा उतरू लागला. एकंदर आठ स्टेज. प्रत्येक स्टेजचे एक पान. पडद्यावरचे इंग्रजी भावाला वाचता येत नसे, तेव्हा शत्रूंना नावे मीच ठेवली: टकल्या, चाकूवाला, जाड्या, जुळे. पेटीत कुठे बंदूक मिळते, पिंपात कुठे खायला मिळते, सगळ्याची नोंद.

आणि मग एक गंमत झाली. न पाहिलेला खेळ मला पाहणाऱ्यांपेक्षा अधिक दिसू लागला. भाऊ सांगे, "जाड्या धावत येतो आणि मला पाडतो." मी विचारी, "धावण्याआधी काय करतो?" तो डोळे मिटून आठवायचा. "थोडा मागे सरकतो." "मग तो मागे सरकला की तू वरच्या बाजूला हो. तो सरळ रेषेतच धावणार." दुसऱ्या दिवशी तो नाचत घरी आला. जाड्या सरळ रेषेतच धावत होता!

या संशोधनाला भांडवल लागे, आणि ते माझे होते. भाऊबीजेला बाबा भावाच्या हातात अकरा रुपये देत. तो ते माझ्या ताटात टाकी. आणि कार्तिक संपायच्या आत ते एकेक करून पुन्हा त्याच्या खिशात जात. "उसने दे ना, ताई" म्हणून. माझ्याच ओवाळणीवर माझा भाऊ गल्लीत 'उस्ताद' म्हणून गाजला. वहीची गोष्ट त्याने तिथे कुणाला सांगितली नव्हती. मीही त्याला तसे कधी सांगितले नव्हते.

एकदा बोलता बोलता तो म्हणून गेला, "चौघांत एक बाई पण आहे."

"बाई? आणि हे तू मला आज सांगतोस?"

तिचे नाव हॅना. यंत्र खेळाडूंचे गुण दाखवी: कुणाची ताकद जास्त, मुस्तफाचा वेग जास्त, हॅनाचे कौशल्य जास्त. मी दोन दिवस विचार केला आणि सांगितले, "उद्या हिला घेऊन खेळ."

"हट्! पोट्टे हसतील."

मी आर्जव केले, रागावले, एक रुपया जास्तीचा देऊ केला. तो ऐकेना. वहीत मी हॅनासाठी एक पान सोडले होते. ते कोरेच राहिले.

आता मागे वळून पाहताना वाटते, की ही केवळ आमच्या गल्लीची कथा नव्हती. जपानात 1978 साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि असल्या खेळघरांचे पेव फुटले. ती खेळघरे म्हणजे पुरुषांचे अड्डे. नामको कंपनीतल्या तोरू इवातानी या तरुणाला ते खटकले. मुली आणि जोडपीही आत यावीत, म्हणून त्याने मारामारीऐवजी खाण्यावर आधारलेला खेळ रचला. गोल तोंडाचा पिवळा 'पॅकमॅन'. साल 1980. शत्रूंची भुतेसुद्धा त्याने मुद्दाम गोजिरवाणी केली. म्हणजे हिरवा पडदा तोक्योतही होता, आणि तो थोडा बाजूला सारावा असे निदान एका माणसाला तरी वाटले होते.

आपण जुन्या काळाला सहज मागासलेला म्हणतो आणि नव्याला मोकळा. माझा अनुभव थोडा उलटा आहे. आजीचे माहेर ब्रह्मपुरीकडचे. दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडया भरतात, आणि मंडई म्हणजे रात्रीचे नाटक आलेच. चांदा फोर्टहून छोट्या रुळांच्या गाडीने आम्ही जात असू. नाटक रात्री दहाला सुरू होई आणि पहाटे कोंबड्याबरोबर संपे. धानाच्या मोकळ्या बांधीत तणस पसरून, अंगावर घोंगडी घेऊन आजी, मावश्या, तान्ही मुले, आम्ही मुली, सगळ्या पुढे बसत असू. वडसा तर या नाटकमंडळ्यांचे माहेरघरच. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला त्या तणसाची ऊब आठवली. फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. जुन्या दंडारीत बायकांची कामे पुरुषच करीत. पण पाहायला बसण्याचा हक्क मात्र आमचा होता. खलनायक आला की शिव्या देण्यात आजी सगळ्यांच्या पुढे! पत्र्याखालच्या नव्या युगात मात्र तिच्या नातीला पडद्याखालचे पाय पाहून समाधान मानावे लागले.

दूरदर्शनचेही तसेच. 1993 साली रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागे, तेव्हा घरात मुलगा-मुलगी असा भेद नसे. चित्रे जपानची, गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे आणि शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. मोगलीची ती गोष्ट किपलिंगने सिवनीच्या अरण्यात घडवली आहे आणि तिच्यात वैनगंगा वाहते. हे आमच्या शिक्षकांनी वर्गात सांगितले, त्या दिवशी आम्ही सगळी मुले अवाक झालो. वैनगंगा? म्हणजे आमची? चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहणारी? तीच. सिवनीकडून निघते, भंडाऱ्यावरून आपल्याकडे येते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि प्राणहिता होऊन सिरोंच्याकडे जाते.

आणि सिरोंच्याला काय आहे? डायनोसॉर! खरेखुरे. त्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात प्रचंड सरड्यांची हाडे निघाली. त्यांतल्या एकाचे 1975 साली नामकरण झाले, 'बारापासॉरस टागोरी'. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, आणि पुढे रवींद्रनाथांचे नाव. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला तर आता जीवाश्म उद्यानच आहे. उगमाकडे मोगली, शेवटाला डायनोसॉर, आणि मध्ये आम्ही, रुपयाचे टोकन घालून परदेशी डायनोसॉर पाहणारे! वर्गात हे सांगितले की मुले खुलतात. मला मात्र दर वेळी वाटते, हे 1994 साली मला कळले असते तर वहीत एक पान वाढले असते.

ते पार्लर दोनतीन वर्षांत बंद पडले. घरोघर टीव्हीला जोडायचे खेळ आले, मग संगणक, मग मोबाईल. माझी लेकही खेळते, आणि तिला कुठला पडदा आडवा येत नाही, याचा मला आनंदच आहे. पण एक फरक दिसतो. ती जुनी यंत्रे व्यापारी होती. चार मिनिटांत माणूस हरला नाही तर पुढचे नाणे कसे पडणार, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे खेळ संपत असे, आणि हरलेला मुलगा मागे उभा राहून दुसऱ्याचा खेळ पाहत असे. मोबाईलवरचा खेळ संपतच नाही, आणि मागे उभे राहून पाहायला जागाही नाही. लेकीला मी विचारते, "आज कुठपर्यंत गेलीस?" ती म्हणते, "तुला नाही कळणार, आई." मला कळले असते!

तर मागच्या भाऊबीजेला हे सारे मी भावाला ऐकवले. तो गप्प झाला. मग माझ्या भाच्याने आपला संगणक आणला. जुने खेळ आता त्यावर जसेच्या तसे खेळता येतात म्हणे. पाचच मिनिटांत पडद्यावर चार चेहरे आले. तीस वर्षे मी ज्यांना नावाने ओळखत होते, त्यांचे तोंड त्या दिवशी प्रथम पाहिले.

"घे ताई. कुणाला घेतेस?"

विचारायची गरज नव्हती. मी हॅनाला घेतले. वहीतले सगळे आठवत होते. पण बोटांना कुठली वही ठाऊक! पहिल्याच स्टेजमध्ये टकल्याने मला आडवे केले. लेक खदखदून हसली. भाऊ मात्र हसला नाही. पडद्याकडे पाहतच तो हळूच म्हणाला, "एकदा घेतली होती मी हिला."

"कधी?"

"भर दुपारी. दुकानात कुणी नव्हतं तेव्हा. सहाव्या स्टेजपर्यंत गेलो, ताई. मुस्तफाला घेऊन तेवढा कधीच गेलो नव्हतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तो बराच वेळ बोलला नाही. "सांगितलं असतं तर तू रोज तीच घ्यायला लावली असतीस. आणि पोट्टे..." वाक्य तिथेच राहिले. पंचेचाळिशीला टेकलेला माणूस, आणि त्या पोट्ट्यांची भीती अजून गेली नव्हती. मला राग यावा असे खूप वाटले. पण डोळ्यांपुढे आले ते पडद्याखालचे दोन पाय. रिकाम्या दुकानात टाचा उंचावून उभे असलेले.

संगणकावर आकडे उतरू लागले होते. नऊ, आठ. तेवढ्यात पुन्हा नाणे टाकले तर खेळ पुढे चालू, नाहीतर संपला. भावाचा हात सवयीने खिशात गेला.

"बाबा, नाणं लागत नाही आता. नुसती कळ दाबायची," भाचा म्हणाला.

पण नाणे निघाले होते. भावाने ते क्षणभर हातात धरले आणि ओवाळणीच्या ताटात, नोटेच्या शेजारी ठेवले. "उसने होते," तो म्हणाला.

"दहा राहिले अजून," मी म्हटले, आणि कळ दाबली.