कामांची यादी आणि कामांचा क्रम

एखादे मोठे काम हाती घेतले की आपण प्रथम यादी करतो. पूर्वी ही यादी कागदावर होत असे. आज ती मोबाइलमधील कामयादीच्या ॲपवरही करता येते. काम झाले की त्यापुढे खूण करायची, इतके हे तंत्र सोपे आहे. किराणा आणण्यासाठी अशी यादी पुरेशी असते. कारण साखर आधी घेतली काय किंवा तांदूळ आधी घेतले काय, काहीच बिघडत नाही. परंतु जेथे एक काम दुसऱ्या कामावर अवलंबून असते, तेथे नुसती यादी अपुरी पडते. तेथे कामांचा क्रम समजून घ्यावा लागतो.

समजा, एक कुटुंब भाड्याच्या घरात राहून स्वतःचे छोटे घर बांधत आहे. भिंती उभ्या राहिल्या आहेत, दारे-खिडक्यांच्या चौकटीही बसल्या आहेत. भाड्याचे घर ३५ दिवसांनी रिकामे करावयाचे आहे. उरलेली कामे अशी आहेत :

१. स्लॅबसाठी सेंट्रिंग करणे व सळ्या बांधणे – ६ दिवस
२. विजेच्या तारांसाठी नळ्या टाकणे – १ दिवस
३. काँक्रीट ओतणे – १ दिवस
४. स्लॅबवर पाणी मारणे व टेकू न काढता थांबणे – १४ दिवस
५. टेकू काढून भिंतींना गिलावा करणे – ८ दिवस
६. सुताराकडून दारे-खिडक्यांच्या झडपा तयार करून घेणे – १२ दिवस
७. झडपा बसवणे – २ दिवस

या दिवसांची बेरीज ४४ होते. ती पाहून कुटुंबप्रमुख घाबरून जाईल. पण प्रत्येक कामासमोर थांबून एकच प्रश्न विचारावा : 'हे काम सुरू होण्यापूर्वी कोणते काम पूर्ण झालेले असले पाहिजे?' मग चित्र बदलते. नळ्या काँक्रीट ओतण्यापूर्वीच टाकाव्या लागतात. विसरल्यास तयार स्लॅब फोडण्याची वेळ येते. सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेने काँक्रीटला बळ येते आणि त्याला वेळ लागतोच. म्हणून अभियंत्याने सांगितलेले १४ दिवस जास्त मजूर लावून कमी करता येत नाहीत. झडपा मात्र सुताराच्या दुकानात बनतात. चौकटींची मापे मिळाली की ते काम पहिल्या दिवसापासून इतर कामांच्या बरोबरीने चालू शकते.

म्हणजे एकामागून एक होणारी कामे कोणती? सेंट्रिंग, नळ्या, काँक्रीट, थांबणे, गिलावा आणि झडपा बसवणे. त्यांचे दिवस ३२ भरतात. घर ३२ दिवसांत पूर्ण होऊ शकते आणि हाती ३ दिवस उरतात. कामांच्या या सर्वांत लांब साखळीला 'क्रिटिकल पाथ' म्हणजेच निर्णायक मार्ग असे म्हणतात. १९५७ मध्ये ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीने रेमिंग्टन रँड या संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने ही पद्धत विकसित केली. मोठ्या कारखान्यांसाठी निघालेली ही युक्ती लहान घरालाही तितकीच उपयोगी पडते.

आता सुरुवातीलाच पाऊस आला आणि सेंट्रिंगला ४ दिवस उशीर झाला असे समजा. एकूण दिवस ३६ होतील आणि मुदत एका दिवसाने चुकेल. याउलट सुताराने ४ दिवस उशीर केला, तरी काही अडणार नाही. कारण झडपा ३० दिवसांनंतरच लागणार आहेत आणि त्या कामाला १८ दिवसांची सवड आहे. पावसाचा उशीर भरून काढण्यासाठी दुसरा सुतार लावला तर पैसे वाया जातील. तेच पैसे आणखी एका गवंड्याला देऊन गिलावा ६ दिवसांत उरकला, तर घर ३४ दिवसांत पूर्ण होईल. धावपळ कोठे करावी आणि कोठे करू नये, हे नुसत्या यादीतून कळत नाही, क्रमातून कळते.

ॲपमध्ये हे कसे मांडावे? 'घर पूर्ण करणे' हा एक प्रकल्प करावा आणि वरील कामे त्याखाली उपकामे म्हणून लिहावीत. 'विजेचे काम' असे मोघम न लिहिता 'स्लॅबमध्ये नळ्या टाकणे' असे स्पष्ट लिहावे. काही ॲपमध्ये एक काम दुसऱ्याशी जोडता येते. तशी सोय नसेल, तर कामाच्या टिपेत 'सेंट्रिंग झाल्यावर' असे नोंदवावे. जे काम आज सुरू होऊच शकत नाही, ते आजच्या यादीत ठेवू नये. अन्यथा यादी लांबते आणि खरोखर करण्याजोगे काम नजरेआड होते. दुसऱ्या कोणावर अवलंबून असलेल्या कामांपुढे 'प्रतीक्षेत' असे लिहून विचारणा करण्याचा दिवस ठरवावा. अंतिम तारीख केवळ खऱ्या मुदतीलाच द्यावी. सर्वच कामांना तातडीची खूण केली, तर त्या खुणेला अर्थ उरत नाही. आठवड्यातून एकदा संपूर्ण यादी तपासून तारखा सुधाराव्यात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. सवड म्हणजे आळसाचा परवाना नव्हे. सुताराचे काम अगदी एकोणिसाव्या दिवशी सुरू केले, तर त्याचीही सवड संपते आणि एका दिवसाचा उशीरही घर पूर्ण होण्याचा दिवस पुढे ढकलतो.

ॲप आपल्यासाठी विटा रचत नाही किंवा निर्णयही घेत नाही. कोणते काम कोणासाठी थांबले आहे, हे आपणच विचार करून ठरवावे लागते. परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी कोणते दाखले लागतील आणि ते मिळण्यास किती दिवस लागतील, हाही याच जातीचा प्रश्न आहे. तो वेळेवर विचारला, तर शेवटच्या दिवसाची धावाधाव टळते आणि आपले कष्ट योग्य ठिकाणी लागतात.