अफिनिटी (मॅजिक: द गॅदरिंग)

अफिनिटी हा मॅजिक: द गॅदरिंग या संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील एक डेक-प्रकार आहे. पटावर आर्टिफॅक्ट जातीचे पत्ते जितके अधिक, तितके पुढचे पत्ते स्वस्त, या एका नियमावर त्याची उभारणी झालेली आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या मिरोडिन या पत्तेमालिकेतून हा प्रकार जन्माला आला. पुढील सुमारे दीड वर्षात स्पर्धात्मक खेळावर त्याचे इतके वर्चस्व निर्माण झाले की, मार्च २००५ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशक कंपनीने स्टँडर्ड या प्रमुख स्पर्धाप्रकारात एकाच वेळी आठ पत्त्यांवर बंदी घातली. विशेष म्हणजे ज्या पत्त्यांवर अफिनिटी हा शब्द छापलेला होता, त्यांपैकी एकही या आठांत नव्हता. असे का झाले, हे समजले की या डेकची सारी रचना समजते.

पार्श्वभूमी

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला मॅजिक हा खेळ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा कॅट, स्वतः जुळवून आणतो. नेहमीच्या स्पर्धाप्रकारांत डेकमध्ये किमान ६० पत्ते असावे लागतात आणि मूळ लँड वगळता एका नावाचे चारांहून अधिक पत्ते ठेवता येत नाहीत. कॅट पिसून सात पत्ते हाती घेतले जातात, दोन्ही खेळाडू २० जीवनगुणांनी सुरुवात करतात आणि समोरच्याचे गुण शून्यावर आणणारा सहसा जिंकतो.

पत्ते खेळण्यासाठी माना नावाची ऊर्जा मोजावी लागते. ती मुख्यतः लँड या पत्त्यांपासून मिळते. लँड पटावर मांडायला काही खर्च नसतो, मात्र एका पाळीत एकच लँड मांडता येतो. दुसऱ्या पाळीत दोन माना, तिसऱ्या पाळीत तीन, असा या खेळाचा स्वाभाविक वेग असून सर्व पत्त्यांच्या किमती तोच गृहीत धरून ठरवलेल्या असतात.

मानाचे पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाच रंग आहेत. यंत्रे, शस्त्रे, जादूच्या वस्तू, यांत्रिक प्राणी अशा स्वरूपाचे आर्टिफॅक्ट पत्ते मात्र बहुधा बिनरंगी असतात; कोणत्याही रंगाच्या मानाने त्यांची किंमत भागते. ही सोय दिसते तेवढी निरुपद्रवी नाही. रंगाचे बंधन नसलेला प्रबळ पत्ता कोणीही आपल्या डेकमध्ये घालू शकतो, त्यामुळे आर्टिफॅक्टांवर भर देणाऱ्या मालिका हा खेळाच्या रचनाकारांसाठी नेहमीच जोखमीचा प्रांत ठरला आहे. १९९४ ची अँटिक्विटीज ही अशी पहिली मालिका होय. १९९८ मधील उर्झाज सागा या मालिकेतला टोलेरियन अकॅडमी हा लँड, मालकाकडे जितके आर्टिफॅक्ट तितके निळे माना देत असे. काही महिन्यांतच स्टँडर्डमध्ये त्यावर बंदी आली.

स्वस्ताईचे गणित

अफिनिटी हा मिरोडिनमधील नियमशब्द आहे. तो ज्या पत्त्यावर असतो, त्या पत्त्याची किंमत मालकाच्या पटावरील प्रत्येक आर्टिफॅक्टमागे एक मानाने घटते. ठरावीक रंगाचा माना मागणारा भाग मात्र कमी होत नाही. फ्रॉगमाइट हा ४ माना किमतीचा २/२ प्राणी (पहिला आकडा मारक शक्तीचा, दुसरा सहनशक्तीचा), मिर एन्फोर्सर हा ७ माना किमतीचा ४/४ प्राणी आणि ५ माना देऊन दोन पत्ते उचलू देणारी थॉटकास्ट ही जादू हे या जातीचे प्रमुख पत्ते होत.

एवढ्यानेच हा डेक भयंकर झाला नसता. त्याच मालिकेत प्रत्येक रंगाचा एक, असे पाच आर्टिफॅक्ट लँड छापले गेले: एन्शंट डेन, सीट ऑफ द सिनॉड, व्हॉल्ट ऑफ व्हिस्पर्स, ग्रेट फर्नेस आणि ट्री ऑफ टेल्स. फेब्रुवारी २००४ च्या डार्कस्टील मालिकेत नष्ट न होणारा डार्कस्टील सिटाडेल हा सहावा लँड आला. हे पत्ते लँड म्हणून फुकट मांडता येतात, माना देतात आणि शिवाय आर्टिफॅक्ट म्हणून मोजलेही जातात. त्यामुळे प्रत्येक लँडचे मोल अफिनिटीच्या पत्त्यांपुरते दुप्पट होते: एक माना तो देतो आणि एक माना वाचवतो.

उदाहरणार्थ, पहिल्या पाळीत सीट ऑफ द सिनॉड आणि शून्य माना किमतीचा ऑर्निथॉप्टर हा उडणारा ०/२ प्राणी मांडला. दुसऱ्या पाळीत आणखी एक आर्टिफॅक्ट लँड आला, म्हणजे पटावर तीन आर्टिफॅक्ट झाले. आता पहिला फ्रॉगमाइट १ मानाला पडतो. तो स्वतःही आर्टिफॅक्ट असल्याने संख्या चार होते आणि दुसरा फ्रॉगमाइट फुकट येतो. संख्या पाच झाल्यावर थॉटकास्टचा केवळ एक निळा माना उरतो, तो सीट ऑफ द सिनॉडकडून मिळतो. छापील किंमत १३ माना, प्रत्यक्षात मोजले दोन. तिसऱ्या पाळीत आणखी एक आर्टिफॅक्ट लँड पडला की मिर एन्फोर्सर एका मानाला, आणि हाती दुसरा असल्यास तो विनामूल्य. सवलतीने आलेला पत्ता पुढची सवलत वाढवतो, हे या गणिताचे मर्म आहे. मूळ लँड वापरून हाच डाव खेळला असता, तर दुसऱ्या पाळीअखेर पटावर दोन लँड, ऑर्निथॉप्टर आणि हातात अडकून पडलेले फ्रॉगमाइट एवढेच दिसले असते.

रॅव्हेजर आणि बळी देण्याची कला

डार्कस्टीलमधील आर्कबाउंड रॅव्हेजर या दोन माना किमतीच्या पत्त्याने डेकला दुसरे अंग दिले. हा प्राणी १/१ म्हणून येतो. काहीही माना न देता मालक आपला कोणताही आर्टिफॅक्ट बळी देऊ शकतो आणि प्रत्येक बळीमागे रॅव्हेजरवर +१/+१ ची एक खूण चढते. रॅव्हेजर स्वतः नष्ट झाल्यास त्याच्यावरील खुणा दुसऱ्या एखाद्या आर्टिफॅक्ट प्राण्यावर हलवता येतात. त्याच्या जोडीला डिसायपल ऑफ द व्हॉल्ट हा एक काळ्या मानाचा १/१ प्राणी असे. कोणताही आर्टिफॅक्ट पटावरून बाद झाला की तो प्रतिस्पर्ध्याचा एक जीवनगुण कमी करतो.

या दोघांमुळे सामान्य हल्ल्याचे स्वरूपच बदलते. समजा, पटावर डिसायपल, रॅव्हेजर, ऑर्निथॉप्टर आणि इतर सहा आर्टिफॅक्ट आहेत. रॅव्हेजर आणि ऑर्निथॉप्टर हल्ला करतात. प्रतिस्पर्धी साहजिकच रॅव्हेजरला अडवतो आणि शून्य शक्तीच्या ऑर्निथॉप्टरला जाऊ देतो. त्यानंतर सहा आर्टिफॅक्टांचा बळी दिला जातो: डिसायपलमुळे सहा गुण जातात आणि रॅव्हेजरवर सात खुणा होतात. मग रॅव्हेजरचाच बळी. आणखी एक गुण जातो, सातही खुणा ऑर्निथॉप्टरवर येतात आणि तो सात गुणांचा घाव घालतो. एकूण हानी १४. अडवण्याचा निर्णय बरोबर असूनही प्रतिस्पर्धी हरतो, कारण कोणता प्राणी धोक्याचा आहे हे निर्णय घेऊन झाल्यावरच ठरते.

हा डेक आपोआप चालतो, असा समज त्या काळी होता. पत्ते मांडण्यापुरता तो खरा आहे. बळी देण्यास सुरुवात करणे मात्र परतीचा मार्ग नसलेला निर्णय असतो. शेवटची खूण चढण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याने ऑर्निथॉप्टर मारला, तर लँडसकट सारे पट रिकामे झालेले असते. म्हणून कुशल खेळाडू एकेक आर्टिफॅक्ट बळी देऊन प्रत्येक वेळी समोरच्याचा प्रतिसाद पाहतो. प्रतिस्पर्ध्याने एखाद्या आर्टिफॅक्टवर नाशाची जादू टाकली, तर तो तसाही जाणार असल्याने त्याचाच बळी देऊन खूण पदरात पाडून घेणे, ही या डेकची पहिली शिकवण मानली जाते.

जून २००४ च्या फिफ्थ डॉन मालिकेतील क्रेनियल प्लेटिंग हे शस्त्र मात्र उलट दिशेने ओढते. ते धारण करणाऱ्या प्राण्याची मारक शक्ती मालकाच्या प्रत्येक आर्टिफॅक्टमागे एकने वाढवते. त्यामुळे आर्टिफॅक्ट राखावेत की खर्ची घालावेत, हा पेच खेळाडूपुढे जवळजवळ प्रत्येक पाळीत उभा राहतो.

प्रतिकार

ज्या गुणामुळे डेक वेगवान होतो, त्यातच त्याचे मर्मस्थान आहे. ऑक्सिडाइझ ही एका हिरव्या मानाची जादू कोणताही एक आर्टिफॅक्ट नष्ट करते. तिने आर्टिफॅक्ट लँड फोडला, तर मानाही जातो आणि सवलतही. इतर डेकविरुद्ध आर्टिफॅक्ट-नाशाचे पत्ते हातात निरुपयोगी पडून राहतात, म्हणून एरवी ते १५ राखीव पत्त्यांत ठेवून पहिल्या डावानंतर आत घेतले जातात. २००४ मध्ये अनेक खेळाडूंनी ते मूळ ६० मध्येच घेतले. बाकी सर्व डेक एकाच शत्रूकडे पाहून जुळवले जाऊ लागले, हे वर्चस्वाचे जिंकण्याच्या आकड्यांपेक्षाही बोलके लक्षण होते. तरीही उत्तर अशक्य नव्हते: सॅन फ्रान्सिस्को येथील २००४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या युलियन नाउटन याने हिरव्या-पांढऱ्या डेकने कॅनडाच्या एओ पॅकेट याच्या अफिनिटी डेकचा पराभव केला.

बंदी

पहिली कारवाई जून २००४ मध्ये स्कलक्लॅम्प या शस्त्रावर झाली. एक माना किमतीचे हे शस्त्र धारण केलेला प्राणी मेला की दोन पत्ते उचलता येत. त्याचा लाभ अफिनिटीखेरीज इतर डेकही घेत होते. या बंदीने अफिनिटीची गती कमी झाली नाही. २० मार्च २००५ पासून आर्कबाउंड रॅव्हेजर, डिसायपल ऑफ द व्हॉल्ट आणि सहाही आर्टिफॅक्ट लँड स्टँडर्डमधून बाद करण्यात आले. फ्रॉगमाइट, एन्फोर्सर, थॉटकास्ट आणि क्रेनियल प्लेटिंग वैध राहिले, परंतु फुकट वाढणारी संख्याच गेल्यावर त्यांच्या किमती पुन्हा छापील आकड्यांच्या जवळ गेल्या आणि डेक विखुरला.

नंतरचा काळ

२०११ मध्ये मॉडर्न हा स्पर्धाप्रकार सुरू झाला, तेव्हा पाच रंगीत आर्टिफॅक्ट लँड आरंभापासूनच वर्ज्य ठरवण्यात आले. रॅव्हेजर आणि डार्कस्टील सिटाडेल यांना मात्र मुभा मिळाली. येथे मॉक्स ओपल आणि इंकमॉथ नेक्सस या नव्या पत्त्यांभोवती डेक पुन्हा उभा राहिला. अफिनिटी हा शब्द असलेले पत्ते त्यात क्वचितच असत, तरी नाव तेच टिकले. त्याला रोखण्यासाठी आर्टिफॅक्टांच्या वापरावयाच्या क्षमता बंद करणारा स्टोनी सायलेन्स हा पत्ता राखीव पत्त्यांत ठेवण्याची पद्धत पडली. केवळ सामान्य दर्जाचे पत्ते चालणाऱ्या पॉपर या प्रकारात आर्टिफॅक्ट लँड वैध आहेत. तेथे २०२२ मध्ये अॅटॉग या, मुळात अँटिक्विटीजमधल्या, आर्टिफॅक्ट खाऊन वाढणाऱ्या प्राण्यावर बंदी आली.

रचनाकारांनी ही कल्पना पुढे अधिक सावधपणे वापरली. २०१६ मध्ये आलेली कलादेश ही मालिका भारतीय संस्कृतीवरून प्रेरित, संशोधकांच्या आणि यंत्रांच्या जगावर बेतलेली होती. त्या जगाचे नाव २०२५ च्या एथरड्रिफ्ट मालिकेत अविष्कार असे झाले. कलादेशची जोडमालिका एथर रिव्होल्ट (२०१७) हिच्यात इम्प्रोव्हाइझ हा नियम आला. त्यातही आर्टिफॅक्ट किंमत भागवतात, मात्र प्रत्येक आर्टिफॅक्ट त्यासाठी आडवा करावा लागतो, म्हणजे एका पाळीत तो एकदाच उपयोगी पडतो. आर्टिफॅक्ट लँडने मानाही द्यावा आणि सवलतही, हा दुहेरी हिशेब तेथे जुळत नाही. मॉक्स ओपलवर मॉडर्नमध्ये जानेवारी २०२० मध्ये घातलेली बंदी डिसेंबर २०२४ मध्ये उठवण्यात आली.