दोन रात्री पाण्यावर

भोसरीचा कामगार आणि क्रूझ, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर आमच्या कट्ट्यावर हशा पिकला असता. पण 2021 साली कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोव्याला जाऊ लागलं, आणि दिवाळीच्या बोनसमध्ये महाबळेश्वर करणारी आमची चिंचवड-चाकणची मंडळीही चौकशी करू लागली. मुलीच्या आग्रहामुळे एका हिवाळ्यात आम्ही नवरा-बायकोही दोन रात्रींची सफर करून आलो. तेव्हापासून निगडीपासून चाकणपर्यंत जो भेटतो तो एकच विचारतो, “कविराज, पैसे वसूल होतात का?”

होतात. पण ते कशातून वसूल करायचे, हे घरूनच ठरवून निघावं.

आधी तारीख. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, बाकी जगाची शनिवार-रविवारी. जहाजाचं भाडं चढतं ते जगाची सुट्टी बघून. म्हणजे आयुष्यभर ज्या गुरुवारामुळे पाहुण्यांची लग्नं हुकली, तो इथं कामाला येतो. आठवड्याच्या मधली फेरी घ्यावी. जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. जीएसटी आणि बंदराचं शुल्क धरून एकूण किती, ते लिहून मागावं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून पुढं. हिवाळ्यात पाणी त्यातल्या त्यात शांत.

खोलीचं म्हणाल तर एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्याला खड्डा जास्त लागतो, तेच इथं. जहाज पुढं-मागं झुलतं तेव्हा टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली मागावी. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त. नाइट शिफ्ट करून खिडकीला गोधडी लावून दिवसा झोपलेल्या माणसाला तो अंधार अगदी घरचा वाटेल!

जहाज सुटण्यापूर्वी भोंगा वाजवून सगळ्यांना एका ठिकाणी बोलावतात आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. काही जण त्या वेळी सेल्फी काढत होते. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं, 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत तोवर झालीच नव्हती. कंपनीतलं मॉक ड्रिल ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको. फोन मात्र जहाज सुटताच फ्लाइट मोडवर टाकावा. भर समुद्रात तो आपोआप उपग्रहाचं नेटवर्क पकडू शकतो, आणि बिल घरी आल्यावर कळतं.

आमच्या मामूंनी हजला मुंबईहून जहाजानं प्रवास केला होता. 1995 पर्यंत तशी जहाजं जात. कोकणची आगबोटही आमच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिलीय, वळकटीवर बसून रत्नागिरी गाठणारी माणसं. त्यांना पोचायचं होतं. क्रूझवाल्याला कुठंच पोचायचं नसतं, आणि आपल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. जहाज मुरगावला लागलं की तो टॅक्सी ठरवून कळंगुटकडे धावतो. चाळीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं आणि सगळा वेळ घड्याळाकडे बघायचं. गोवा आपल्याला नवा आहे का? आम्ही जहाजावरच थांबलो. गर्दी उतरलेली, वरचा डेक जवळपास आमचाच. गोव्याला जाताना किनारा डावीकडे असतो, परतताना उजवीकडे. खुर्ची त्या बेतानं धरावी.

जेवणात शाकाहारी, जैन सगळी सोय होती. आम्ही मटण हलाल आहे का ते एकदा विचारून घेतलं आणि निर्धास्त झालो. पण पैसे वसूल करायचे म्हणून ताट भरणारे रात्री पोट धरून बसले, तेही पाहिलं. माझा हिशेब वेगळा होता. आमच्या बेगमनं तीस वर्षं माझ्या शिफ्टप्रमाणे डबा केला. पहिली पाळी असली की ती साडेचारला उठायची. “आज काय करू?” हा प्रश्न तिनं रोज विचारला. जहाजावर पहिल्या जेवणानंतर ती सवयीनं ताटं गोळा करायला लागली. वाढपी पोरानं हसून तिच्या हातातून ती काढून घेतली. त्यानंतर बराच वेळ तिला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

दुसऱ्या पहाटे साडेचारला ती उठलीच. आम्ही वर गेलो. अंधारात लांबवर मासेमारी करणाऱ्या बोटींचे दिवे होते, आणि पायाखाली इंजिनाची ती बारीक थरथर, जी मी शॉपफ्लोअरवर जन्मभर ऐकली. खाली कुणाची तरी तिसरी पाळी चालू होती. ती शाल गुंडाळून बसली. उजाडेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मग म्हणाली, “इथं चहा कुठं मिळतो?”

मी आणून दिला.